टेरिटरी : 'मोकळ्या' जमिनीचे साहित्य

निग्रो साहित्य आणि दलित साहित्य यांच्या नात्याची चर्चा मराठीत आता जुनी झाली आहे. डॉ. म. ना. वानखडे यांनी तिला तोंड फोडले, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तिला ग्रंथरूप दिले आणि १९७२ साली दलित पँथरने तर आपले नावच तिकडून घेतले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. ही परंपरा अभिमान बाळगावा अशीच आहे. पण तिच्यात एक उणीव राहून गेली. आपण अमेरिका पाहिली ती दोनच ठिकाणांवरून. एक दक्षिणेतला कापसाचा मळा आणि दुसरे उत्तरेतले हार्लेम. वर गोरा मालक, खाली काळा गुलाम, अशी सरळ दोन पायऱ्यांची ती अमेरिका होती. ज्या समाजात शोषित स्वतःच आणखी कुणाचा तरी धनी असतो, तो समाज आपल्या तुलनेत आलाच नाही. वास्तविक आपल्या गावगाड्याशी ताडून पाहायला तोच अधिक जवळचा होता.

असा एक प्रदेश अमेरिकेत होता. त्याचे नाव आज ओक्लाहोमा. १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ते त्या देशाचे ४६ वे राज्य झाले. त्याआधी पाऊणशे वर्षे त्या भूमीला राज्य म्हणत नसत, 'टेरिटरी' म्हणत. पूर्वेकडे इंडियन टेरिटरी आणि १८९० पासून पश्चिमेकडे ओक्लाहोमा टेरिटरी. (इंडियन हा शब्द लिहिताना हात अडखळतो. कोलंबसाच्या घोटाळ्यामुळे आपले नाव दुसऱ्याच्या गळ्यात पडले. पण ते लोक तो शब्द आता स्वतःसाठी वापरतात, म्हणून मीही वापरतो.) खुद्द 'ओक्लाहोमा' हा चॉक्टॉ भाषेतला शब्द. ओक्ला म्हणजे लोक आणि हुम्मा म्हणजे तांबडे. ॲलन राइट या चॉक्टॉ प्रमुखाने १८६६ साली तो सुचवला. नाव तांबड्या लोकांचे राहिले, जमीन राहिली नाही.

या टेरिटरीवर अमेरिकेत जे साहित्य निर्माण झाले, त्यातले सर्वांत लोकप्रिय म्हणजे रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांचे 'ओक्लाहोमा!' हे संगीत नाटक. ३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कला त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे त्याच एका फेरीत २२१२ प्रयोग झाले. १९५३ साली त्यातले शीर्षकगीत त्या राज्याने आपले अधिकृत राज्यगीत केले. नाटकातला काळ राज्य होण्याच्या अगदी तोंडावरचा आहे. शेतकरी आणि गुराखी यांचा तंटा आहे, एक तरुणी आणि तिच्यामागे लागलेले दोन पुरुष आहेत, डोलणारी शेते आहेत, आणि आता आपण राज्य होणार म्हणून उल्हास आहे. हे सारे घडते ते क्लेअरमोर गावाच्या परिसरात. क्लेअरमोर होते चेरोकी राष्ट्रात. पण पूर्ण नाटकात एकही चेरोकी दिसत नाही, एकही काळा माणूस दिसत नाही. जणू ही जमीन कालच समुद्रातून वर आली आणि गोरा माणूस तिच्यावर नांगर घेऊन उभाच होता.

आता यात गंमत अशी की ज्या नाटकावरून हे संगीत नाटक बेतले, ते लिहिणारा लिन रिग्ज हा स्वतः चेरोकी रक्ताचा होता. १८९९ साली त्याच क्लेअरमोरजवळ, इंडियन टेरिटरीतच तो जन्मला. 'ग्रीन ग्रो द लायलॅक्स' हे त्याचे नाटक १९३१ साली ब्रॉडवेवर आले आणि ६४ प्रयोगांत उतरले. त्याच्या शेवटच्या प्रवेशात एक जागा आहे. नायकाला पकडायला शेजारीपाजारी येतात, ते अमेरिकेच्या मार्शलच्या वतीने. तेव्हा घरातली म्हातारी आत्या त्यांच्यावर उखडते. अमेरिका हा आपल्याला परका मुलूख, आणि तुम्ही त्याची बाजू घेता, असा तिचा सवाल असतो. त्यावर ते लोक ओशाळतात आणि सांगू लागतात की आम्ही परके नाही, आमचे आईबाप टेरिटरीतच जन्मले, आमच्या अंगात इंडियन रक्त आहे. संगीत नाटकात हा संवाद उरला नाही. टेरिटरीतल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे एवढा उपदेश तेवढा राहिला. माणसे कोण, ते गळाले. सांस्कृतिक वर्चस्व म्हणजे काय असते हे आपण मोठमोठ्या शब्दांत सांगत असतो. इथे ते एका गाळलेल्या संवादात सापडते.

परंतु रिग्जच्या बाजूने एवढे बोलून थांबता येत नाही. त्याच्या त्या माणसांच्या अंगात इंडियन रक्त आहे हे खरे. पण चेरोकी राष्ट्रात त्या काळी आणखीही माणसे होती, ज्यांच्या बापजाद्यांना चेरोकींनी विकत घेतले होते. ती रिग्जच्या या नाटकात कुठे आहेत? ती तिथेही नाहीत. त्यासाठी मागे जावे लागते.

१८३० साली अँड्र्यू जॅक्सनच्या सहीने इंडियनांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. दक्षिणेकडची पाच राष्ट्रे, चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक म्हणजेच मस्कोगी, आणि सेमिनोल, आपली भूमी सोडून पश्चिमेकडे हाकलली गेली. १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे १६००० चेरोकी चालवत नेले गेले आणि त्यांतले अंदाजे ४००० वाटेत आणि छावण्यांत मेले. हा 'अश्रूंचा मार्ग' जगाला माहीत आहे. त्या मार्गावर काळे गुलामही चालत होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. १८३५ च्या गणनेत चेरोकींकडे जवळपास १६०० गुलाम होते. या पाच राष्ट्रांना गोरे लोक 'सुधारलेल्या जमाती' म्हणत. त्यांनी घरे बांधली, शेती केली, ख्रिस्ती शाळा काढल्या, लेखी घटना केल्या, आणि गुलाम पाळले. सुधारल्याच्या लक्षणांत हेही एक लक्षण होते. १८६० पर्यंत इंडियन टेरिटरीत गुलामांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली होती.

इथे मला जी गोष्ट सर्वांत अधिक अस्वस्थ करते ती वेगळीच आहे. सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, स्वतःच्या बुद्धीने आपल्या भाषेची लिपी तयार केली. १८२१ च्या सुमारास ती पूर्ण झाली आणि काही वर्षांतच राष्ट्रातले बहुसंख्य लोक तीत लिहू-वाचू लागले. १८२८ साली 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र निघाले. एका पददलित समाजाने अक्षर हस्तगत केल्याचे याच्याइतके तेजस्वी उदाहरण जगात दुसरे शोधावे लागेल. आणि त्याच चेरोकी राष्ट्राने १८४१ साली कायदा केला की काळ्यांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा आहे. शंबूकाची गोष्ट ज्या समाजाला घोकावी लागली, त्या समाजातल्या वाचकाला हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटेल. पुढच्याच वर्षी, १८४२ च्या नोव्हेंबरात, वेबर्स फॉल्स येथील जोसेफ व्हॅन या धनाढ्य चेरोकीचे गुलाम कुलपे फोडून, घोडी आणि बंदुका घेऊन मेक्सिकोच्या दिशेने निघाले. वाटेत क्रीकांचे गुलाम त्यांना मिळाले. चेरोकी राष्ट्राने शंभरेक शिपाई त्यांच्या मागावर धाडले आणि बहुतेकांना पकडून आणले. या उठावाची आठवण ठेवणारे एकही नामांकित नाटक नाही, एकही गाजलेला चित्रपट नाही.

मार्क ट्वेनचा हकलबरी फिन सगळ्यांना माहीत असतो. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक तो स्वातंत्र्याचा महान नायक म्हणून शिकवतात. कादंबरीच्या शेवटी, सुधारलेल्या जगाला कंटाळून, हक टेरिटरीकडे निघून जायचे ठरवतो. त्या निघून जाण्यावर टीकाकारांनी पानेच्या पाने लिहिली. पण टेरिटरी म्हणजे इंडियन टेरिटरी, आणि कथेतला काळ गुलामगिरीचा, हे लक्षात ठेवून ते वाक्य पुन्हा वाचा. हकला जिथे मोकळा श्वास मिळणार होता, तिथे त्याचा सोबती जिम याला काय मिळाले असते? तो नुकताच मुक्त झालेला काळा माणूस. चेरोकी राष्ट्राने १८४२ साली, त्या उठावानंतर लगेच, बाहेरच्या मुक्त काळ्यांनी राष्ट्र सोडून जावे असा कायदा केला होता. गोऱ्या पोराचे रान ते काळ्या माणसाचे कोंडवाडे होते. ट्वेनने जिमला शेवटी टेरिटरीत नेले नाही हे एका परीने बरेच झाले.

याच कादंबरीतल्या शब्दांचा धागा धरून राल्फ एलिसनने आपल्या १९८६ सालच्या निबंधसंग्रहाला 'गोइंग टू द टेरिटरी' असे नाव दिले. एलिसन स्वतः ओक्लाहोमा सिटीत जन्मला आणि वाढला. त्याचे आईबाप दक्षिणेतून आले होते. दक्षिणेतल्या काळ्यांच्या तोंडी 'नेशन' आणि 'टेरिटरी' हे शब्द मुक्तीचे म्हणून होते, तिकडे पळून जावे, तिकडे कायदा सैल आहे, असे. एलिसनला त्या शब्दातली आशा प्रिय आहे आणि तिचा भंगही ठाऊक आहे. पण तोही इंडियनांकडे पाहतो ते काळ्यांचा आसरा म्हणून. जे आसरा देत होते त्यांच्याच वाड्यांत गुलामांच्या खोल्या होत्या, हे त्याच्या लिखाणात ओझरते येते, जाब म्हणून येत नाही. मला एलिसनविषयी आदर आहे, तरीही हे म्हणणे भाग आहे.

१८६१ साली पाचही राष्ट्रांनी गुलामवादी दक्षिणेशी तह केले. त्यांच्यात फूट होती, चेरोकींच्या एका पक्षाने १८६३ मध्येच गुलामगिरी रद्दही केली. पण दक्षिणेच्या सेनानींपैकी सर्वांत शेवटी, २३ जून १८६५ रोजी, शस्त्रे खाली ठेवली ती स्टँड वेटी या चेरोकीने. युद्धानंतर १८६६ साली नवे तह झाले. त्यांत दोन गोष्टी एकदम घडल्या आणि त्या वेगळ्या करून पाहता येत नाहीत. अमेरिकेने शिक्षा म्हणून इंडियनांची पश्चिमेकडची जमीन काढून घेतली, आणि मुक्त गुलामांना राष्ट्रांचे नागरिकत्व द्यायला लावले. चेरोकी, क्रीक आणि सेमिनोलांनी ते दिले. चॉक्टॉंनी १८८३ पर्यंत लावून धरले. चिकासॉंनी ते खऱ्या अर्थाने दिलेच नाही. त्यांचे काळे लोक पुढची चाळीस वर्षे ना चिकासॉ, ना अमेरिकन, असे मध्येच लोंबकळत राहिले. १८७३ साली जोतीराव अमेरिकेला धन्यवाद देत होते, तेव्हाही ते लोंबकळतच होते. जोतीरावांचा यात दोष नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या अमेरिकेत टेरिटरी नव्हती.

काढून घेतलेल्या त्या जमिनीचे पुढे काय झाले, ते 'सिमरॉन'सारख्या कादंबऱ्यांनी रंगवून सांगितले आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला बंदुकीचा बार झाला आणि सुमारे पन्नास हजार माणसे घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटली. जो जिथे खुंटी ठोकेल तिथली १६० एकर त्याची. वीस लाख एकरांच्या जवळपास जमीन अशी वाटली गेली. १६ सप्टेंबर १८९३ रोजी चेरोकींच्या पट्ट्यात याहून मोठी धाव झाली. त्याच वर्षी जुलैत शिकागोला फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता. मोकळी जमीन आणि पुढे पुढे सरकणारी सरहद्द यांतून अमेरिकन लोकशाही घडली, असा त्याचा सिद्धांत. मोकळी! एडना फर्बरच्या १९३० सालच्या 'सिमरॉन'मध्ये हीच धाव आहे, तिच्यावरच्या चित्रपटाला १९३१ चे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि तिच्यात एक काळा पोरगाही आहे. तो सेवा करतो आणि मरतो. तिच्याविषयी याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

मला थांबायचे आहे ते नोंदवह्यांपाशी. १८८५ साली सुधारकांच्या एका परिषदेत सिनेटर हेन्री डॉज यांनी चेरोकींविषयी सांगितले की या राष्ट्रात कुणी कंगाल नाही, राष्ट्राला एका डॉलरचे कर्ज नाही, तरी व्यवस्थेत दोष आहे. दोष हा, की जमीन सामाईक आहे. त्यामुळे शेजाऱ्यापेक्षा आपले घर चांगले करण्याची ईर्षा नाही, स्वार्थ नाही, आणि सुधारणेच्या मुळाशी तर स्वार्थच असतो. या तत्त्वज्ञानाचा १८८७ साली कायदा झाला. तो पाच राष्ट्रांना लागू नव्हता म्हणून १८९३ साली डॉजच्याच अध्यक्षतेखाली खास आयोग बसवला आणि १८९८ साली दुसरा कायदा करून सक्ती आणली. सामाईक जमिनीचे तुकडे पाडून माणशी वाटायचे ठरले. पाचही राष्ट्रांची मिळून सुमारे १ कोटी ९५ लाख एकर जमीन होती. वाटायची म्हणजे माणसे मोजायला हवीत. तंबू पडले, कारकून बसले, वह्या उघडल्या. एक वही 'रक्ताच्या' लोकांची. तीत प्रत्येकाचे नाव, आणि समोर रक्ताचा अपूर्णांक, पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश. दुसरी वही मुक्त गुलामांची. तीत रक्ताचा रकानाच नाही. बाप चेरोकी किंवा चॉक्टॉ असला तरी आई काळी असेल तर नाव दुसऱ्या वहीत गेले. चेहरा पाहून वही ठरली. क्रीकांत दोन्ही वह्यांना १६० एकर मिळाले. पण चॉक्टॉ आणि चिकासॉंत रक्तवाल्याला ३२० एकर आणि काळ्याला ४०. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे एकरांत मोजलेले उदाहरण हवे असेल तर हे घ्यावे.

पुढची युक्ती अधिक सफाईची होती. वाटलेली जमीन विकता येऊ नये म्हणून आधी बंधने घातली होती. आपल्याकडे महार वतनाच्या जमिनी नव्या शर्तीवर परत दिल्या आणि विक्रीला कलेक्टरची परवानगी लावली, तसलाच प्रकार. १९०४ साली काळ्या प्रौढांच्या जमिनीवरचे बंधन घराचा तुकडा सोडून उठवले. १९०८ साली ते पूर्ण उठवले आणि सोबत निम्म्याहून कमी रक्ताच्या इंडियनांचेही उठवले. वहीतला अपूर्णांक जितका लहान, तितकी जमीन विकायला मोकळी. अज्ञान मुलांच्या जमिनी जिल्ह्याच्या न्यायालयांकडे गेल्या आणि न्यायालयांनी गोरे पालक नेमले. १९०५ साली टल्साजवळ ग्लेन पूल येथे तेल लागले होते, तेव्हा पालक व्हायला रांगा लागल्या. सारा रेक्टर या क्रीक राष्ट्रातल्या काळ्या मुलीच्या खडकाळ तुकड्यात १९१३ साली तेल निघाले. ती अकरा वर्षांची होती आणि तिचा पालक गोरा होता.

ही लूट नावानिशी लिहिली ती अँजी डेबो या बाईने. 'अँड स्टिल द वॉटर्स रन' हे तिचे पुस्तक १९३६ मध्ये लिहून तयार होते. लुटणाऱ्यांतले काही तेव्हाही राज्याच्या राजकारणात बडे होते. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने माघार घेतली आणि १९४० साली ते प्रिन्स्टनहून निघाले. विद्यापीठात राहून सत्य लिहिण्याची किंमत डेबोने मोजली, तिला कायमची प्राध्यापकी कधी मिळाली नाही. या पुस्तकाइतका निर्भय इतिहास मी क्वचित वाचला आहे. पण तिची करुणा मुख्यतः पहिल्या वहीपाशी राहते. दुसऱ्या वहीतली माणसे तिच्या हिशेबात येतात, तिच्या शोकात तितकी येत नाहीत.

विरोध करणारेही होते. चिट्टो हार्जो हा क्रीक पुढारी वाटणीला सरळ नकार देत होता. तह जिवंत आहे, जमीन सामाईकच राहील, असे तो १९०६ साली टल्साला आलेल्या सिनेटरांना तोंडावर सांगत होता. त्याच्या बाजूला काळे क्रीकही उभे होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे १९०९ साली त्याच्या लोकांवर जी मोहीम निघाली तिचे निमित्तही छावणीजवळ राहणाऱ्या काळ्यांवरचा चोरीचा आळ हेच होते. दुसरा मार्ग गावे वसवण्याचा. एडवर्ड मॅककेब याने १८९० साली लँगस्टन वसवले. टेरिटरीचे काळ्यांच्या बहुमताचे राज्य व्हावे असे त्याचे स्वप्न होते. १९०३ साली एका काळ्या क्रीक मुलीच्या वाटणीच्या जमिनीवर बोली हे गाव उभे राहिले. अशी पन्नासांहून अधिक निव्वळ काळ्यांची गावे त्या भूमीत झाली. स्वतःचा सरपंच, स्वतःची बँक, स्वतःची शाळा.

मग राज्य झाले. घटना-परिषदेचा अध्यक्ष विल्यम मरे याने पहिल्याच भाषणात सांगून टाकले की काळ्याने हमाली करावी, बूट पुसावे, हजामत करावी, बरोबरीचा नागरिक होण्याची खोटी कल्पना सोडावी. घटनेत 'काळा' म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस आणि बाकी सगळे 'गोरे', अशी व्याख्या केली. म्हणजे ज्यांची भूमी हिसकली ते इंडियन एका ओळीत कायद्याने गोरे झाले. उद्घाटनाच्या दिवशी गथ्री गावी इंडियन टेरिटरी ही वधू आणि ओक्लाहोमा टेरिटरी हा वर, असे लुटुपुटीचे लग्न लावले. वधूची संमती कुणी विचारली होती? १९०५ साली तिने सेक्वोया नावाचे स्वतंत्र राज्य मागितले होते, ५६२७९ विरुद्ध ९०७३ मतांनी. काँग्रेसने ते विचारातही घेतले नाही. नव्या विधिमंडळातल्या सिनेटचे पहिले विधेयक रेल्वेत काळ्यांचे डबे वेगळे करण्याचे होते. महिनाभरात, डिसेंबर १९०७ मध्ये, त्याचा कायदा झाला. मॅककेब त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९१४ साली हरला. १९११ साली बोलीच्याच जिल्ह्यात, ओकीमा गावाजवळ, लॉरा नेल्सन आणि तिच्या मुलाला पुलावर फाशी दिले आणि त्या छायाचित्राची पोस्टकार्डे विकली. १९२१ साली टल्साच्या ग्रीनवुड वस्तीचे पस्तीस चौक जाळले.

टोनी मॉरिसनची 'पॅराडाइज' ही १९९७ सालची कादंबरी या काळ्या गावांवर आहे आणि आपल्या चळवळीतल्या लेखकांनी ती वाचलीच पाहिजे. दक्षिणेतून आलेल्या काही अतिशय काळ्या कुटुंबांना फेअरली नावाच्या काळ्यांच्याच गावाने दारातून परत पाठवले, कारण तिथले लोक उजळ होते. त्या अपमानातून त्यांनी हेवन वसवले, पुढे रूबी. आणि या रूबीत पुन्हा एक नवी वही उघडली गेली, रक्ताच्या शुद्धतेची. जितका काळा तितका कुलीन. उजळ बायको आणणारा पुरुष डोळ्यांत खुपू लागला. शेवटी गावातले पुरुष बंदुका घेऊन गावाबाहेरच्या मठात राहणाऱ्या निराधार बायकांवर चाल करून गेले. अपमानाचे स्मारक करता करता त्याचा देव्हारा कसा होतो, आणि देव्हाऱ्याला बळी लागतो तेव्हा तो बाईचाच कसा असतो, हे मॉरिसनने फार निर्दयपणे दाखवले आहे. आपल्या वस्त्यांतल्या पुढाऱ्यांनी आपल्याच बायकांवर घातलेल्या जातपंचायती आठवल्याशिवाय ही कादंबरी वाचता येत नाही. तिच्यातही एक फट आहे. तो मठ पूर्वी इंडियन मुलींना 'सुधारण्याची' शाळा होता. त्या मुली कादंबरीत सावल्यांसारख्या येतात आणि जातात.

म्हणजे पाहा, रिग्ज चेरोकीपाशी थांबतो, डेबो पहिल्या वहीपाशी, एलिसन आणि मॉरिसन काळ्या माणसापाशी. हे सगळे सच्चे लेखक आहेत. रॉजर्स-हॅमरस्टीनच्या रांगेत यांना बसवणे अन्याय होईल. पण शिडीच्या एका पायरीवरून लिहिताना खालची पायरी दिसायला मान वाकवावी लागते, आणि मान वाकवणे आपल्या जखमेशी द्रोह केल्यासारखे वाटते.

हा प्रश्न आपलाही आहे. महार, मांग, चांभार, ढोर यांच्यातल्या उतरंडीविषयी बोललो की दोन आवाज एकदम उठतात. सवर्ण टीकाकार खूश होऊन म्हणतो, बघा, तुम्हीही पाळताच की. आणि आपला कार्यकर्ता म्हणतो, चूप, शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आल्यावर हेच दोन आवाज महाराष्ट्रभर ऐकू आले. टेरिटरीचा इतिहास पहिल्याचे तोंड बंद करतो. चेरोकींनी गुलाम ठेवले म्हणून त्यांची जमीन हिसकण्याचा हक्क गोऱ्यांना मिळाला नव्हता. वह्या गोऱ्या सरकारने आखल्या, कारकून त्याचे होते, जमीन शेवटी त्याच्याच माणसांच्या घशात गेली. पण दुसऱ्या आवाजालाही तो सोडत नाही. ३ मार्च २००७ रोजी चेरोकी राष्ट्राने सार्वमत घेतले आणि सुमारे ७७ टक्के मतांनी मुक्त गुलामांच्या वंशजांपैकी २८०० च्या आसपास लोकांचे नागरिकत्व काढून घेतले. आधार कोणता? डॉज आयोगाची दुसरी वही. ज्या वहीने चेरोकींचे राष्ट्र मोडले, तीच वही त्यांनी आपल्याच माणसांना हुसकताना पुरावा म्हणून वापरली. तोंडी भाषा मात्र स्वयंनिर्णयाची होती. शत्रूच्या हाती कोलीत जाऊ नये म्हणून जे झाकून ठेवले होते, त्याने घर आतून पेटले. २०१७ साली संघराज्याच्या न्यायालयाने १८६६ चा तह दाखवून हे हक्क परत दिले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रक्ताने' हा शब्द त्यांच्या घटनेतून काढून टाकला. तो शब्द काढायला लढले ते दुसऱ्या वहीतल्यांचे पणतू. पहिल्या वहीतले काही लोक त्यांच्या बरोबर होते, फार नव्हते.

दुसऱ्या वहीतल्या माणसांचे साहित्य मात्र अगदीच नाही असे नाही. १९३० नंतरच्या मंदीत सरकारने बेकार लेखकांना कामाला लावले आणि १९३७-३८ च्या सुमारास ओक्लाहोमातल्या म्हाताऱ्या माजी गुलामांच्या मुलाखती लिहून घेतल्या. त्यांतले कित्येक इंडियनांचे गुलाम होते. लिहून घेणारे बहुतेक गोरे, आणि त्यांनी म्हाताऱ्यांचे बोलणे वेडेवाकडे स्पेलिंग करून, हसू यावे अशा बेताने उतरवले. प्रस्थापित मराठी कादंबरीत महाराच्या तोंडी जी भाषा घातली जाई, तिची जातकुळी हीच. टीकाकारांनी या मुलाखती इतिहासाची साधने म्हणून चाळल्या. त्या आत्मकथने म्हणून वाचायला हव्यात, जशी आपण आपली वाचली.

त्यांतली एक ल्युसिंडा डेव्हिसची आहे. नव्वदीच्या घरातली ही बाई टल्सात राहत होती. लहानपणी ती एका क्रीक मालकाची गुलाम होती, त्याच घरात वाढली, आणि मोठी होईपर्यंत तिला इंग्रजी येतच नव्हते. तिची भाषा क्रीक, तिचे खाणे क्रीकांचे, तिला ठाऊक असलेले नाच आणि अंत्यविधी क्रीकांचे. मालकाच्या घरचे तान्हे पोर सांभाळणे हे तिचे काम होते. त्या पोराला ती त्यांच्याच भाषेत इस्तिजी म्हणजे छोटा माणूस म्हणायची. जुलै १८६३ मध्ये हनी स्प्रिंग्सची लढाई तिने पाहिली ती त्याच कामावर असताना. त्या लढाईत उत्तरेच्या बाजूने काळ्या सैनिकांची पलटण लढत होती, म्हणजे तिच्याच मुक्तीसाठी लढत होती. ते तिला तेव्हा कुणी सांगितलेले नव्हते. तोफांचा आवाज आला, माणसे धावू लागली, आणि तिला काळजी होती ती इस्तिजीची.